कॅमशाफ्ट घेताना आधी कागद मागा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारसायकलींची ताकद वाढवण्याबद्दलचा लेख वाचला. कार्ब्युरेटर, सायलेन्सर, टायर यांवर त्यात भरभरून लिहिले होते. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या कॅमशाफ्टच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले: हाय-लिफ्ट कॅम टाकला की इंजिन मोकळे होते. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काउंटरपलीकडून हेच वाक्य ऐकू येते. त्यावर विसंबून घेतलेल्या कॅमने कधी व्हॉल्व्ह वाकतो, कधी गाडी प्रत्येक सिग्नलला बंद पडते, आणि काही महिन्यांनी मूळ कॅम परत बसतो. लोब, म्हणजे कॅमवरचे उंचवटे, तोवर झिजलेले असतात ते वेगळेच. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक खुलासा. आरएक्स १००, राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांत कॅमशाफ्ट नसतोच. सिलिंडरच्या भिंतीतली पोर्ट पिस्टनच उघडतो आणि झाकतो. 'आरएक्सचा रेसिंग कॅम' कोणी दाखवला तर हसून दुकानाबाहेर पडावे. प्रश्न आहे तो फोर-स्ट्रोकचा: जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा, सीडी १०० आणि स्प्लेंडरचा, पहिल्या सीबीझेडचा आणि पल्सरचा.

कॅम विकत घेताना डब्यावरचे 'स्टेज २' किंवा 'परफॉर्मन्स' हे शब्द बाजूला ठेवून कॅम कार्ड मागावे. मिश्रण आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर) किती डिग्री आधी उघडतो, बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली) किती डिग्रीने मिटतो, जळालेला वायू सोडणाऱ्या एक्झॉस्टचे उघडण्या-मिटण्याचे दोन आकडे, दोन्हींची लिफ्ट, म्हणजे उचल किती मिमी, आणि हे सगळे किती लिफ्टवर मोजले, एवढे त्यावर हवे. शेवटची नोंद सगळ्यात मोलाची आणि नेमकी तीच गाळलेली असते. व्हॉल्व्ह सीटवरून जेमतेम हलला तिथपासून मोजला तर २८० डिग्री भरणारा कॅम, १ मिमी लिफ्टपासून मोजला तर २४० च्या आसपास भरू शकतो. दोन विक्रेत्यांनी दोन तऱ्हांनी मोजले असेल तर एकाचा २६० वाला कॅम दुसऱ्याच्या २८० वाल्यापेक्षा गरम (व्हॉल्व्ह जास्त काळ उघडा ठेवणारा) निघतो. तेव्हा कार्ड नसेल तर तो कॅम घेऊ नये, फुकट मिळाला तरी.

आकडे वाचणे अवघड नाही. समजा, इनलेट २० डिग्री आधी उघडतो आणि ६० डिग्री नंतर मिटतो. २० अधिक १८० अधिक ६०, म्हणजे ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) २६०. त्याचे अर्धे १३०, त्यातून २० वजा केले की लोबचे टोक, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याची जागा, टीडीसीनंतर ११० डिग्रीवर आले. एक्झॉस्ट बीडीसीच्या ६० आधी उघडून टीडीसीच्या २० नंतर मिटत असेल, तर दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, ४० डिग्रीचा. आता गरम कॅम घ्या: इनलेट ३० आणि ७०, एक्झॉस्ट ७० आणि ३०. ड्युरेशन २८० झाले, ओव्हरलॅप ६०, लोबचे टोक मात्र तिथेच ११० वर. कमी आरपीएमला या जादा ओव्हरलॅपमध्ये जळालेला वायू इनलेटकडे उलटा शिरतो आणि थोडे ताजे मिश्रण न जळताच सायलेन्सरमधून निघून जाते. आयडलिंगला गाडी 'लोपते', म्हणजे अडखळत धडधडते, ती याचमुळे. काहींना तो आवाज आवडतो, पण तो ताकदीचा आवाज नव्हे.

चारही आकड्यांत आधी पाहायचा तो इनलेट मिटण्याचा. पिस्टन खालून परत वर निघाल्यावरही इनलेट उघडाच असतो. तो मिटेपर्यंत दाब तयार होत नाही. बुलेट ३५० चा बोर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी. कनेक्टिंग रॉड सुमारे १७५ मिमीचा धरून हिशेब केला, तर इनलेट बीडीसीनंतर ६० डिग्रीवर मिटला की दाबायला ९० पैकी ७२ मिमी स्ट्रोक उरतो. तोच ७५ डिग्रीवर मिटला तर ६२ मिमी. कागदावरचा कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते) ७ असेल तर तो पहिल्या बाबतीत प्रत्यक्षात ५.८ होतो, दुसऱ्या बाबतीत ५.१. म्हणजे पिस्टन तेच, हेड तेच, फक्त कॅम बदलला आणि खालच्या आरपीएमचा दम गेला. वरच्या आरपीएमला आत धावणाऱ्या हवेचा वेग ही तूट भरून काढतो. खाली तो वेगच नसतो. मग कॉम्प्रेशन वाढवायला हेड घासले जाते, घासलेल्या हेडने आणि हवेवर थंड होणाऱ्या लोखंडी सिलिंडरने मे महिन्यात इंजिन नॉक करू लागते, म्हणजे आतून ठोके देते, मग इग्निशन मागे घेतले जाते (ठिणगी उशिरा पाडली जाते), आणि मिळवलेले सगळे परत जाते.

आता आरपीएमचा प्रश्न मुंबईत कसा येतो ते पाहा. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, ईस्टर्न फ्रीवे, जेजे फ्लायओव्हर या सगळ्यांवर दुचाकीला बंदी आहे. शहरातले जे रस्ते मोकळे पळतात ते नेमके मोटारसायकलला बंद. उरले एलबीएस मार्ग, एस. व्ही. रोड, सायन सर्कल आणि हायवेवरची सकाळ-संध्याकाळची रांग. तिथे जुनी बुलेट बहुतेक वेळ २००० ते ३००० आरपीएममध्ये असते. ज्या कॅमला ४५०० नंतर जाग येते तो दादर ते अंधेरी झोपूनच जाणार. वरच्या टोकाची ताकद हवी असेल त्याने महिन्यातले किती तास तिथे जातात हे आधी प्रामाणिकपणे मोजावे.

बुलेटच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. स्ट्रोक लांब, फ्लायव्हील जड, आणि कास्ट आयर्न इंजिनांत बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, फिरती बुश. ५५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग १६.५ मीटर प्रतिसेकंद असतो. ६५०० ला तो १९.५ होतो. रॉडवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे या एक हजाराच्या वाढीने तो सुमारे ४० टक्के जास्त. कॅम वरचे आरपीएम देईल. खालची बुश ते किती दिवस देईल हा प्रश्न कॅम विकणाऱ्याला कधी विचारला जात नाही. म्हणून बुलेट ३५० साठी आमचे मत स्पष्ट आहे: इनलेट मिटण्याची वेळ मूळच्या जवळ ठेवणारा, लिफ्ट थोडी वाढवणारा, ओव्हरलॅप फार न वाढवणारा कॅम घ्यावा. सीबीझेड आणि पल्सर १८० यांचे बोर ६३.५ मिमी, स्ट्रोक आखूड, इंजिन वर फिरायला राजी. तिथे मध्यम कॅमचा फायदा खरोखर जाणवतो. स्प्लेंडरचे ९७.२ सीसीचे इंजिन मात्र हात न लावता ठेवावे. त्याच पैशात व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून सीटवर नीट बसवणे), नवे रिंग आणि नवी टायमिंग चेन घातली तर गाडी जास्त सुधारते.

लिफ्टबद्दलही बरेच गैरसमज आहेत. व्हॉल्व्हच्या डोक्याच्या व्यासाच्या पाव भागाइतकी लिफ्ट झाली की कडेची फट आणि व्हॉल्व्हचे तोंड यांचे क्षेत्रफळ सारखे होते. ३८ मिमीच्या व्हॉल्व्हला हा आकडा ९.५ मिमी. त्यापुढे थोडा फायदा असतो, पण पोर्ट आणि कार्ब्युरेटर तसेच असतील तर तो फारसा हाती येत नाही. बुलेट ३५० चा मूळ कार्ब्युरेटर २४ मिमीचा. त्याच्यामागे १२ मिमी लिफ्टचा कॅम म्हणजे अरुंद बोळाच्या टोकाला मोठा दरवाजा. आणि कार्डावरची लिफ्ट लोबची आहे की व्हॉल्व्हची हे विचारून घ्यावे. मधे रॉकर, म्हणजे व्हॉल्व्हला दाबणारी तरफ, आहे, त्याचे गुणोत्तर लागते.

कॅम हातात आला की लगेच बसवू नये. आधी स्प्रिंग मोजावी. व्हॉल्व्ह मिटलेला असताना स्प्रिंगची लांबी समजा ३८ मिमी आहे. ती व्हाइसमध्ये वेटोळ्याला वेटोळे लागेपर्यंत दाबून व्हर्निअरने मोजली, २६ मिमी भरली. म्हणजे जागा १२ मिमीची. लिफ्ट १० असेल तर २ मिमी उरतात, चालेल. लिफ्ट ११.५ असेल तर अर्धा मिमी उरतो, चालणार नाही. किमान १ मिमी शिल्लक हवी. दुहेरी स्प्रिंग असेल तर आतली वेगळी मोजावी, बहुधा तीच आधी भिडते. तसेच रिटेनरचा (स्प्रिंगवरच्या टोपीचा) खालचा काठ आणि व्हॉल्व्ह गाइडचे (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीचे) टोक किंवा सील यांच्यात पूर्ण लिफ्टवर दीड मिमी राहिला पाहिजे. हे न पाहता बसवले की पुशरॉड (कॅमची ढकल रॉकरपर्यंत नेणारी दांडी) वाकतो किंवा रॉकर तुटतो, आणि दोष पुशरॉडच्या कंपनीला दिला जातो. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग घालणे हाही उपाय नव्हे. ती लोब खाते.

मग पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा. मुलांची खेळायची प्लॅस्टिकची माती पिस्टनवर व्हॉल्व्हच्या समोर थापावी, व्हॉल्व्हच्या डोक्याला तेलाचे बोट लावावे म्हणजे माती चिकटत नाही. जुनेच दबलेले गॅस्केट घालून हेड पूर्ण आवळावे, टॅपेटचा गॅप बरोबर लावावा आणि इंजिन हाताने सावकाश दोन फेरे फिरवावे. कुठे अडले तर जोर करू नये. हेड काढून मातीतला ठसा ब्लेडने मधोमध कापावा आणि सगळ्यात पातळ जागी मोजावे. इनलेटला किमान १.५ मिमी, एक्झॉस्टला २ मिमी. एक्झॉस्टला जास्त, कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापून लांबतो आणि पिस्टन त्याच्या पाठीवर येत असतो. स्प्रिंग जरा ढिली पडली की तोच आधी सापडतो. ठसा टीडीसीला सगळ्यात खोल नसतो, त्याच्या दहाएक डिग्री मागेपुढे असतो. म्हणून नुसते टीडीसीवर मोजून भागत नाही.

ज्या इंजिनात टॅपेटचा, म्हणजे लोब ज्याला ढकलतो त्या तुकड्याचा, सपाट पाय लोबवर घासतो, तिथे लोबला निळे मार्किंग लावून एक फेरा फिरवावा आणि पाय पाहावा. खूण पायाच्या काठावरून बाहेर जात असेल तर तो लोब त्या पायासाठी कापलेलाच नाही. काठ लोबला नांगरासारखा खणत जाईल. लोबचे टोक क्रँककेसच्या भिंतीला किंवा टॅपेट गाइडच्या खालच्या कडेला घासत नाही ना, तेही याच वेळी दिसते.

नवा कॅम घेण्याऐवजी जुनाच कॅम घासून 'गरम' करून देणारे लेथवाले मुंबईत मिळतात. यात वाईट काही नाही, पण होते काय ते समजून घ्यावे. लोबचे टोक वाढवता येत नाही, म्हणून खालचे वर्तुळ कमी केले जाते. १ मिमी लिफ्ट हवी तर तळाकडून १ मिमी जातो. मग टॅपेटचा स्क्रू तेवढा बाहेर येतो, त्याचे टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर तिरके बसते आणि गाइड एका बाजूने झिजते. बुलेटमध्ये पुशरॉडची ॲडजस्टमेंट पुरते का ते पाहावे लागते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कडकपणा. लोबची कडक कातडी पातळ असते. ती घासून गेली की खाली मऊ लोखंड लागते. नव्या बारीक कानशीचा कोपरा लोबच्या बाजूला, जिथे टॅपेट लागत नाही तिथे, हलकेच ओढून पाहावा. कानस घसरली तर ठीक. तिने दाताने पकडले आणि चमकदार रेघ उठली तर तो कॅम परत करावा. घासून आल्यावर पुन्हा हार्डनिंग केले आहे का, हे तोंडी विचारण्यापेक्षा कानशीला विचारावे.

टायमिंगच्या खुणा जुळल्या म्हणजे कॅम बरोबर बसला, असे धरून चालू नये. खूण मूळ कॅमची असते. घासलेल्या किंवा बाहेरच्या कॅमचा लोब खुणेपासून ५-६ डिग्री सरकलेला असू शकतो. मोजायला एक डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारे काट्याचे माप), चुंबकी स्टँड आणि डिग्री प्लेट लागते. प्लेट नसेल तर ३६० खुणांचा कागद छापून जुन्या सीडीवर चिकटवावा. १२० मिमीच्या सीडीवर एक डिग्री म्हणजे जवळपास १ मिमी, नजरेला पुरते. क्रँकच्या टोकाला प्लेट आवळावी, शेजारी तारेचा काटा लावावा.

टीडीसी डोळ्यांनी किंवा प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून ठरवू नये. तिथे पिस्टन काही डिग्री हललाच नाही असे वाटते. जुन्या प्लगची चिनी माती फोडून त्यात बोल्ट वेल्ड करावा आणि तो पिस्टनला वर जाण्याआधी अडेल असा बसवावा. बुलेटला १४ मिमीचा प्लग, स्प्लेंडरला १० मिमीचा. इंजिन हाताने हलकेच एका दिशेने अडेपर्यंत आणि मग उलट दिशेने अडेपर्यंत फिरवावे, दोन आकडे लिहावे. त्यांच्या बरोबर मधोमध टीडीसी. अडथळा काढून, डायल गेज इनलेट रिटेनरवर टेकवून, टॅपेटचा गॅप शून्य करून, इंजिन फक्त चालण्याच्या दिशेने फिरवावे. थोडे पुढे गेले म्हणून मागे आणले की चेनचा किंवा गिअरचा ढिलेपणा मापात शिरतो. चुकले तर पुन्हा पूर्ण फेरा मारावा. उघडताना १ मिमी आणि मिटताना १ मिमी, या दोन आकड्यांच्या मधोमध लोबचे टोक. ते कार्डाशी २ डिग्रीच्या आत जुळले पाहिजे.

नाही जुळले तर चेनचा एक दात सरकवणे हा इलाज नाही. स्प्रॉकेटला ३० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकवर २४ डिग्री. चेनच्या इंजिनात स्प्रॉकेटच्या बोल्टची भोके लांबट करतात: केंद्रापासून १५ मिमीवरच्या भोकात अर्धा मिमी सरकवले की क्रँकवर सुमारे ४ डिग्री. कॅम पुढे आणला, म्हणजे व्हॉल्व्ह लवकर उघडू-मिटू लागले, की खालची ओढ सुधारते आणि इनलेट व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. मागे नेला तर एक्झॉस्ट जवळ येतो. म्हणून सरकवल्यानंतर मातीचे माप पुन्हा घ्यावे. जुनी ताणलेली चेन आणि घासलेले हेड, दोन्ही कॅमला मागे नेतात. नव्या कॅमवर जुनी चेन ठेवून मोजमाप करणे म्हणजे ताणलेल्या टेपने कापड मोजणे.

बसवताना लोब आणि टॅपेटच्या पायाला मॉलिब्डेनमची पेस्ट लावावी, नुसते इंजिन ऑइल पुरत नाही. पहिल्यांदा चालू करण्याआधी पेट्रोल, स्पार्क, टायमिंग सगळे तयार असावे, कारण पन्नास किका मारत बसले तर पेस्ट पुसली जाते. चालू झाल्यावर आयडलिंगला ठेवू नये. कमी फेऱ्यांना लोबवर तेल कमी पोहोचते आणि स्प्रिंगचा सगळा भार टोकावर पडतो. पहिली १५-२० मिनिटे २००० च्या आसपास थ्रॉटल वरखाली करत चालवावी, उभ्या गाडीवर करायचे असेल तर समोर मोठा पंखा हवा.

कार्ब्युरेटरचे जेटिंग, म्हणजे इंधनाच्या भोकांचे माप, नव्याने करावे लागते. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला मुळातच जास्त इंधन लागते: शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे हवा १४.७ भाग, या पेट्रोलला साधारण १३.५. जुन्या जेटवर आधीच लीन (इंधन कमी, हवा जास्त) चालणारे इंजिन नव्या कॅमने आणखी लीन होते. मेन जेट एकेका नंबरने वाढवत प्लगचा रंग पाहावा. आयडलिंगचे इंधन देणारा पायलट जेट मात्र जपून, कारण पुढे पीयूसी आहे. २००० सालाच्या ३१ मार्चपर्यंत तयार झालेल्या दुचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमची मर्यादा आहे. त्यानंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ४५०० पीपीएम. ओव्हरलॅपमधून न जळता निसटणारे मिश्रण हायड्रोकार्बनच्याच आकड्यात दिसते. ६० डिग्री ओव्हरलॅपची पल्सर या काट्यावर सहज नापास होते, आणि मग पायलट स्क्रू आवळून पास करून घेतलेली गाडी आयडलिंगला टिकत नाही. सायलेन्सर मोकळा करण्याबद्दल लेखात जे सुचवले आहे त्यावर आम्ही लिहीत नाही. त्याचे चलान वेगळे फाटते.

टॅपेट थंड इंजिनावर पहिल्या ५० किलोमीटरला आणि पुन्हा ३०० ला तपासावे. स्प्लेंडरला दोन्हीकडे ०.०५ मिमी, बुलेटला गॅप नाही, पुशरॉड बोटांनी मोकळा फिरावा पण वरखाली हलू नये. बाहेरच्या कॅमला मात्र कार्डावर दिला असेल तो गॅप. पहिल्या वेळी थोडा फरक पडतो, ते बसण्याचे लक्षण. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही गॅप वाढलेलाच सापडला तर लोब झिजतो आहे. ड्रेन प्लगच्या तेलात चुंबक फिरवून पाहावे. राखाडी लेप आला तर गाडी त्याच दिवशी उभी करून टायमिंग कव्हर उघडावे, ती चुरी ऑइल पंपात पोहोचण्याआधी.

आपले,
जुन्या मोटारसायकलींवर काम करणारे काही मेकॅनिक,
परळ, मुंबई